माप बोल

बारावीला मी अकाउंट्समध्ये आपटले आणि ऑक्टोबरला पुन्हा आपटले, तेव्हा घरात माझ्या पुढच्या शिक्षणावर बोलणंच बंद झालं. बाबा मुंबईत एका ऑफिसात कारकून होते. परळच्या दोन खोल्या विकून आम्ही मीरा रोडला आलो होतो ते मुलांना मोकळी हवा आणि चांगलं कॉलेज मिळावं म्हणून. हवा मिळाली. कॉलेजचं असं झालं.

आयटीआयचा फॉर्म मी रागाच्या भरात आणला. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या, ब्यूटी पार्लरच्या भरल्या होत्या, आणि तसंही दुसऱ्याच्या भुवया कोरण्याइतका धीर माझ्यात नव्हता. बुक बाइंडरच्या जागा मात्र मोकळ्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हटलं, कारण कोणी दोनदा विचारलं की मला नक्कीच वाटायला लागतं.

बाबा ऐकून म्हणाले, "म्हणजे वह्यांना कव्हरं घालायची? ते तर तू पाचवीपासून करतेस." आईने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण हसू तिलाही आलं होतं. मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही.

आयटीआयचं एक वर्ष खळ करण्यात आणि जुन्या रजिस्टरांची हाडं मोडण्यात गेलं. मैद्याची खळ उकळताना त्यात मोरचूद घालायचं, नाहीतर किडे पुस्तक खातात, एवढं मला पक्कं कळलं. पुढचं एक वर्ष एखाद्या खऱ्या बाइंडिंगच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून काढायचं आणि मग ट्रेड टेस्ट द्यायची. ती पास झाली की हातात सर्टिफिकेट. नापास झाली की पुन्हा घरी, बाबांच्या विनोदांसमोर.

मला मिळाला तो कारखाना भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा होता. ही दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षांतली गोष्ट. आजूबाजूला स्टीलची भांडी पॉलिश करणारे गाळे, त्यांचा खरखराट दिवसभर. आमच्याकडे छापलेले कागद टेम्पोतून यायचे आणि पुस्तकं होऊन टेम्पोतून जायची. शाळेच्या डायऱ्या, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आरत्यांची पुस्तकं. मालक गुजराती होते, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. ते काचेच्या केबिनमध्ये बसून फोनवर बोलायचे आणि मध्येच काचेवर बोटाने टकटक करून कोणाला तरी बोलवायचे.

गाळ्याचे दोन भाग होते, मधे भिंत नसली तरी. दाराकडच्या बाजूला जमिनीवर गोणपाटावर पाच बायका बसायच्या. त्या कागदाच्या घड्या घालायच्या, घड्या एकात एक लावायच्या, म्हणजे गॅदरिंग करायच्या, मोजायच्या, पिना मारायच्या. आतल्या बाजूला कटिंग मशीन होतं, आणि मशीनवर मास्तर. बायका मशीनकडे जायच्या त्या गठ्ठा ठेवायला आणि गठ्ठा उचलायला. गठ्ठा कापायला नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण मी पहिल्या दिवशी मशीनच्या चाकाला हात लावला आणि मास्तर म्हणाले, "पोरी, तुजी जागा तिकडं हाय."

मास्तर खारीचेच. वडील मिठागरावर कामाला होते, हे मुंबईच्या प्रेसमध्ये जाऊन कटिंग शिकले आणि म्हातारपणी घराजवळ काम मिळालं म्हणून इथे आले. तीस वर्षं पात्याखाली हात घालून दहाही बोटं शाबूत, याचा त्यांना अभिमान होता आणि ते तो बोलून दाखवायचे. दिसायला काटक, अंगात नेहमी पांढरी बंडी. ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मी मात्र मोठ्याने बोलायचे, कारण स्टीलच्या खरखराटात हळू बोललेलं कोणाला ऐकू जात नव्हतं आणि माझा आवाज मुळातच खणखणीत. आई म्हणायची की मी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते.

गोणपाटावर मुख्य होत्या खाला. नया नगरहून शेअर रिक्षाने यायच्या, सगळ्यांत जुन्या. त्यांची घडी बघत राहावी अशी. कागद डाव्या हाताने उलटला की उजव्या हातातली घडी दाबायची पट्टी त्यावरून फिरलेली असायची, मधे काही घडलं असं दिसायचंच नाही. त्यांनी मला घडी शिकवली, आणि चार महिन्यांत माझी घडी बरी व्हायला लागली. आठ महिने माझ्या कामाच्या डायरीत रोज एकच लिहिलेलं होतं: घडी. घडी. घडी व गॅदरिंग. घडी.

ती डायरी दर महिन्याला आयटीआयमध्ये दाखवायची असायची. आठव्या महिन्यात सरांनी मागची सगळी पानं चाळली आणि चष्म्यावरून बघितलं. "कटिंग कुठे आहे?"

"मास्तर देत नाहीत."

"मग मागून घे. टेस्टला तुझ्यासमोर मशीन असणार आणि दिलेल्या मापाला कापायला सांगणार. ते आलं नाही तर बाकी कितीही छान घडी घाल, नापास."

परत येताना मी ठरवलं की मशीन मिळवायचंच. टेस्टला चार महिने होते. मला काळजी होती ती नुसत्या सर्टिफिकेटची नव्हती. कटिंग न येणारी बाइंडर म्हणजे जन्मभर गोणपाट. खालांना वीस वर्षं झाली होती आणि त्या अजून नगामागे मिळणाऱ्या पैशांवर काम करत होत्या. मला खाला आवडायच्या, पण मला खाला व्हायचं नव्हतं. हे असं उघड लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा माझ्या मनात हेच होतं.

मी मास्तरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाईमानसाचं काम न्हाय ते." मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "ओढणी अडकंल." तिसऱ्या दिवशी मी ओढणी घरी ठेवून आले. "कागदाचं वजन झेपणार न्हाय." मी दोन गठ्ठे एकदम उचलून दाखवले. मास्तर बघत होते की नाही कळलं नाही, पण म्हणाले, "बघू."

त्या आठवड्यात मशीनच्या मागच्या पट्टीचा स्क्रू झिजला म्हणून मेकॅनिक येऊन नवीन बसवून गेला. ही पट्टी म्हणजे कागद ज्याला टेकवून ठेवतात ती. समोरचं चाक फिरवलं की पट्टी पुढे-मागे सरकते आणि वर लावलेल्या इंचाच्या टेपवर माप दिसतं. माप लावायचं, गठ्ठा टेकवायचा, वरून दाब द्यायचा, दांडी ओढायची. पातं खाली येतं आणि पाचशे कागद एका श्वासात कापले जातात. कापलेला कागद पुन्हा जोडता येत नाही, म्हणून सगळं काम त्या मापात असतं.

स्क्रू बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला हाक मारली. "पोरी, इकडं ये. माप बोल."

मी टेपवर वाकले. "साडेआठ."

"वर का खाली?"

"किंचित खाली."

त्यांनी चाक थोडं फिरवलं. "आता?"

"बरोब्बर साडेआठ."

त्यांनी दांडी ओढली. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन आईला सांगितलं, मास्तर शिकवायला लागले. त्यानंतर रोज हाक यायची. प्रत्येक मापाला. मी धावत जायचे, वाकायचे, वाचायचे. डायरीत मी लिहायला लागले: कटिंग (साहाय्य). मास्तरांनी त्यावर सही केली, रेघ सोडून बरीच खाली.

महिना गेला. चाकाला मला हात लावू देत नव्हते. दांडीला तर नाहीच. नुसतं माप बोल. आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की ज्या माणसाला तीस वर्षं झाली तो अकरा इंचांसारखं सोपं मापसुद्धा मला विचारतोय. आधी असं नव्हतं. आधी ते चाकाचे फेरे मोजायचे, ओठ हलताना मी बघितले होते. नवीन स्क्रूला एका फेऱ्यात पट्टी पूर्वीपेक्षा जास्त सरकत होती, त्यामुळे त्यांची जुनी मोजणी निकामी झाली होती.

मी एक गोष्ट केली, जी मी आज करणार नाही. कामाचं कार्ड त्यांच्याकडे द्यायचं होतं, त्यावर माप आणि नग लिहिलेले असायचे. मी ते मुद्दाम उलटं धरून दिलं. मास्तरांनी घेतलं, डोळ्यांसमोर नेलं, थोडा वेळ बघितलं आणि तसंच उलटं परत देत म्हणाले, "बरं हाय. तू माप बोल."

त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे चालता-फिरता येण्याइतकं दिसत असावं, गठ्ठे, माणसं, दार. पण अक्षर नाही, टेपवरची रेघ नाही. आणि मी महिनाभर समजत होते की मला शिकवलं जातंय. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला राग आला. माझ्या नाकावरचा राग नेहमी आधी पोचतो आणि बाकीचं सगळं मागून येतं.

त्याच आठवड्यात एका ज्ञातीच्या मंडळाची वधू-वर पुस्तिका आली होती. चारशे प्रती, रविवारी मेळावा, शुक्रवारपर्यंत द्यायच्या. प्रत्येक पानावर एक मुलगा किंवा मुलगी: फोटो, उंची, शिक्षण, अपेक्षा. पानाच्या अगदी तळाला नंबर. पत्ते शेवटच्या पानांवर नंबराप्रमाणे. घड्या घालताना गोणपाटावर नुसती धमाल चालली होती. अपेक्षेत 'गोरी, उंच, नोकरी करणारी, घरकामाची आवड' लिहिलेला एक सव्वापाच फुटी मुलगा होता, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून नापास केलं होतं.

बुधवारी दुपारी पिना मारून झाल्या. पुस्तिका तीन बाजूंनी कापायच्या राहिल्या. समोरची बाजू झाली, वरची झाली, दोन्ही वेळा मी माप वाचलं. खालची बाजू राहिली.

"माप बोल," मास्तर म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. "मास्तर, मला मशीन कधी शिकवणार?"

"आता काम हाय. माप बोल."

"तुम्ही हो म्हणा, मग बोलते."

ते माझ्या दिशेने वळले. मी आवाज खाली आणून म्हटलं, "तुम्हाला टेप दिसत नाही. मला माहितेय. मला शिकवा, मी कोणाला सांगणार नाही."

मास्तरांनी चाकावर हात ठेवला. मग इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला ते अजून ऐकू येतं, "जा तू. घडी घाल."

मी गेले. मशीनकडे पाठ करून गोणपाटावर बसले आणि डायऱ्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मागे चाक फिरल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा थोडा फिरला. मग दांडी. पट्टी एकदा लावली की सगळ्या गठ्ठ्यांना तेच माप, त्यामुळे पुढे नुसता गठ्ठा, दाब, दांडी. खालांनी मला विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं."

संध्याकाळी मशीनखालची कतरण गोणीत भरायचं काम माझं. मी वाकून मूठभर पट्ट्या उचलल्या आणि त्यातल्या एकीवर मला २७ दिसला. दुसरीवर ११. मी आणखी उचलल्या. सगळ्यांवर आकडे होते. पुस्तिकेचे सगळे नंबर कतरणीत आले होते, आणि गठ्ठ्यांमध्ये चारशे वेळा तेच चाळीस मुलगे-मुली पत्त्याशिवाय बसले होते.

मी मास्तरांकडे गेले नाही. मी खालांना पट्टी दाखवली. खालांनी कपाळावर हात मारला आणि उठून केबिनकडे गेल्या, कारण शुक्रवारचा माल लपवता येत नाही.

शेठ बाहेर आले. त्यांनी एक पुस्तिका उघडली, दुसरी उघडली, मग कतरणीची पट्टी हातात घेतली. ते ओरडले नाहीत. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "किसने काटा?"

"म्या कापलं," मास्तर म्हणाले. "हात सरकला."

"तीस साल में आपका हाथ नहीं सरका." मग शेठ माझ्याकडे वळले. "इस लडकी ने काटा ना? कब से पीछे पडी है मशीन के. आप बचा रहे हो उसको."

"न्हाय शेठ. म्याच."

शेठनी मान हलवली. त्यांचं ठरलं होतं. "सच बोल," ते मला म्हणाले. "तूने काटा? कल से मत आना. मैं तेरे आयटीआय में चिठ्ठी लिखता हूं."

आता हे मी किती वेळा मनात फिरवलंय त्याला हिशेब नाही. मी हो म्हटलं असतं तर माझी अप्रेंटिसशिप गेली असती आणि मास्तरांची गोष्ट झाकलेली राहिली असती. मी नुसतं नाही म्हणून गप्प बसले असते तर कदाचित शेठनी मास्तरांचं ऐकलं असतं, कदाचित नसतं. मी म्हटलं, "मास्तरांना दिसत नाही. माप मी वाचायचे. आज मी वाचलं नाही."

माझा आवाज खणखणीत, त्यामुळे ते शेजारच्या गाळ्यातही गेलं असेल. गोणपाटावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मास्तर कोणाकडेच बघत नव्हते. त्यांनी मशीनवरचं फडकं घेतलं आणि पातं पुसायला लागले.

गुरुवार-शुक्रवार आम्ही सगळ्यांनी मिळून नंबर मारले. हाताने दाबायचं नंबरिंग मशीन असतं, पावतीपुस्तकांना वापरतात ते. दोन आमच्याकडे होती, तीन इस्टेटमधल्या दुसऱ्या गाळ्यांतून मागून आणली. खाली जागाच उरली नव्हती, म्हणून प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठप्पा. ठक, पान उलट, ठक. मास्तरही बायकांमध्ये मांडी घालून बसले होते. ठप्पा मारता येत नव्हता म्हणून ते पानं उलटून द्यायचे, आणि एकही पान दोनदा उलटलं गेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाचे गृहस्थ आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, नंबर वर घेतलेत, चांगलं केलंत, पटकन दिसतो."

त्या दोन दिवसांत माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. शेवटी मीच खालांना म्हटलं, "आप लोग गुस्सा हो? झूठ तो नहीं बोली मैं."

खालांनी ठप्पा खाली ठेवला. "हम सबको मालूम था, बेटा. दो साल से. पहले वो फेरे गिनकर काम चलाते थे, और कोई नया माप आता तो गठ्ठा रखते-रखते मैं धीरे से बोल देती थी, मैं नहीं होती तो कोई और बोलती थी. किसी ने उसका दाम नहीं मांगा." एवढं म्हणून त्यांनी पुन्हा ठप्पा घेतला.

मला वाटत होतं की गुपित फक्त मला सापडलंय. ते पाचही जणींच्या मांडीवर दोन वर्षं होतं. मी घरी गेले आणि जेवले नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की कारखान्यातच खाल्लं.

शेठनी मास्तरांना काढलं नाही. त्यांना म्हणाले, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या, नीट झालात की या. एका ट्रस्टच्या मोफत शिबिरात नंबर लावला, तो तीन आठवड्यांनी होता. मशीन चालवणारा दुसरा कटर लगेच मिळेना. डायऱ्यांचं काम तर अंगावर आलेलं. मग शेठ केबिनमधून बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि मास्तरांना म्हणाले, "सिखा दो इसको."

मी मनात धरलं होतं की मास्तर नाही म्हणतील. ते उठले, मशीनजवळ गेले आणि म्हणाले, "ये."

तीन आठवडे मी त्यांच्याकडे शिकले, आणि माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं नीट काही शिकवलेलं नाही. रागाचा एक शब्द नाही, गोडीचाही नाही. गठ्ठा टेबलावर आपटून सारखा करायला शिकवलं, दोन बाजूंनी, मग त्यावर स्वतः तळवा फिरवून सांगायचे, "मधला एक कागद बाहेर हाय." असायचा. पात्याखालच्या लाकडी पट्टीवर खोबण पडली की ती फिरवायची. पात्याला अधूनमधून साबण चोळायचा. दांडी ओढताना दुसरा हात पाठीवर ठेवायचा. "पाठीवर. खिशात न्हाय. खिशातनं हात लवकर निगतो." कागद कसा कापला गेला ते ते आवाजावरून ओळखायचे. पातं बोथट व्हायला लागलं की त्यांना माझ्या आधी कळायचं. माप मात्र आता मीच बघायचे, आणि ते मधेच सवयीने "बोल" म्हणायचे, मग मी बोलायचे.

मी दोनदा माफी मागायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ते म्हणाले, "दाब जास्त देतेस, कव्हरावर वळ उठंल." दुसऱ्यांदा त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. डायरीत मी रोज लिहीत होते: कटिंग. कटिंग. तीन बाजूंचे कटिंग. ते सही करत होते.

मग ते ऑपरेशनला गेले. एक डोळा, मग काही आठवड्यांनी दुसरा, मग आराम. त्या काळात मी एकटी मशीनवर होते. माझी टेस्ट झाली. परीक्षकांनी माप दिलं, मी लावलं, हात पाठीवर घेतला, दांडी ओढली. परीक्षक म्हणाले, "हे पाठीवर हात कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या मास्तरांनी." मी पास झाले. बाबांनी पेढे आणले आणि शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगी प्रिंटिंग टेक्नॉलॉजीत आहे. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मला बरं वाटलं होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

शेठनी मला ठेवून घेतलं, हेल्परच्या पगारावर. मी कटरचं काम करत होते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण वीस वर्षांच्या मुलीला कारखान्यात मशीन मिळतंय, तेव्हा पगारावर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. माझी, जिचं तोंड कधी बंद नसायचं.

साधारण अडीच महिन्यांनी मास्तर परत आले. सकाळची वेळ, नुकतंच काम सुरू झालं होतं. डोळ्यांवर जाड काड्यांचा नवा चष्मा, हातात जेवणाचा डबा. म्हणजे ते कामावरच आले होते. बायकांनी गलका केला, खालांनी त्यांना विचारलं की आता आम्ही कशा दिसतो, आणि ते म्हणाले, "होत्या तशाच." सगळ्या हसल्या. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मोठ्याने, तारीख आणि वार. दारावरचा बोर्ड वाचला.

काचेवर टकटक झाली. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. शेठ चांगल्या शब्दांत बोलत होते. बहोत साल काम किया आपने. अब आराम करो. आंख नई है, संभालो. मशीन पे अब ये है ना.

'ये' म्हणजे मी. माझ्या पगारात शेठना दोन कामं होत होती आणि मास्तरांच्या पगारात एक. एवढं गणित मलाही जमलं, अकाउंट्समध्ये दोनदा आपटलेलीला.

मास्तर बाहेर आले. डबा हातातच होता, अजून कुठे ठेवलाही नव्हता. ते सरळ माझ्याकडे आले. मी मशीनसमोर उभी होते, गठ्ठा लावलेला, माप लावलेलं. मला वाटलं आता बोलतील, आणि मला ते हवं होतं. वर्षभराचं सगळं त्यांनी एकदाचं तोंडावर फेकावं आणि मी खाली मान घालून ऐकावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले आणि चष्मा नीट करून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. जवळजवळ वर्षभर आम्ही एका गाळ्यात काम केलं होतं. त्यांनी माझा चेहरा पहिल्यांदाच बघितला होता.

"किती वय तुजं?" त्यांनी विचारलं.

"वीस."

"मला वाटलं तिशी-पस्तिशीची असशील. आवाजावरनं." ते अजून बघत होते. "एवढीशी हायेस तू."

मग ते वळले. खालांना मान हलवून निरोप दिला आणि डबा घेऊन गेले. रस्ता ओलांडताना त्यांनी दोन्ही बाजूंना नीट बघितलं, ते मला दारातून दिसलं.

मी तेव्हा मशीन सोडून त्यांच्यामागे जाऊ शकले असते. केबिनमध्ये जाऊन म्हणू शकले असते की मास्तरांना ठेवा, मी पुन्हा गोणपाटावर बसते. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, दुसरीकडे कुठे काम मिळालंही असतं. गोणपाटावरच्या पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या, बहुतेक त्याचीच वाट बघत. मी एक हात पाठीवर घेतला आणि दांडी ओढली.